आवाज येतोय का?

२०२०च्या जूनपासून पुढची दीड-पावणेदोन वर्षे आपल्याकडच्या शाळांच्या तासांत सर्वांत जास्त वेळा कुठला प्रश्न विचारला गेला असेल, तर तो ‘आवाज येतोय का?’ हाच असावा. कोणी ‘आवाज आ रही है?’ म्हणत असेल, कोणी ‘शोना जाच्छे?’, तर कोणी ‘केक्कुदा?’ भाषा कुठलीही असो, पडद्यासमोर बसलेली बाई किंवा सर आधी स्वतःचा आवाज पलीकडे पोहोचतो आहे ना, याची खात्री करून घेत. पोहोचत असेल तर तास सुरू होई.

मग पहिला प्रश्न. ‘सांगा बरं, काल कोणी काय काय केलं?’ एक क्षण शांतता. मग दोन मुले एकदम बोलत आणि दोघेही एकदम गप्प होत. ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ यात आणखी काही सेकंद जात. कोणाचा माइक बंद, कोणाच्या घरी कुकरची शिट्टी. शेवटी बाईच बोलू लागत आणि ‘संभाषणाचा तास’ हळूहळू व्याख्यानाचा होऊन जाई. सगळे तास असे झाले नाहीत. काही तास असे रंगले की वेळ संपला तरी मुले पडद्यावरून हलेनात. तेच ॲप, तेच अडखळणारे नेटवर्क, मुलेही त्याच वयाची. मग फरक कशाचा होता?

समोर नसलेल्या मुलाशी बोलायचे कसे, हा प्रश्न करोनाने पहिल्यांदा विचारलेला नाही. त्याला किमान आठ-नऊ दशकांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवातही एका साथीतच सापडते.

सप्टेंबर १९३७. अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली तरी शाळा उघडता येईनात. तेव्हा शहराच्या शालेय प्रशासनाने रेडिओचा आधार घेतला. तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित होऊ लागले. शहरातल्या रेडिओ केंद्रांनी त्यासाठी आपला वेळ मोफत दिला. कुठल्या इयत्तेचा कुठला विषय किती वाजता लागणार, याचे वेळापत्रक वर्तमानपत्रे छापत आणि मुलांनी सोडवायचे प्रश्नही त्यातच येत. घरोघरची मुले रेडिओला कान लावून बसली. साथ ओसरली आणि तीन आठवड्यांच्या आत शाळा पुन्हा भरल्या.

साथीच्या काळात दूरवरून शिकवण्याचा हा पहिला मोठा प्रयोग म्हणून २०२०मध्ये त्याची पुष्कळ आठवण काढली गेली. पण त्यातला एक तपशील मला अधिक बोलका वाटतो. रेडिओच्या पाठांबद्दल शंका विचारता याव्यात म्हणून प्रशासनाने टेलिफोनवर शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले आणि माणसे अपुरी पडल्यामुळे आणखी शिक्षक नेमावे लागले. रेडिओवरचे मास्तर भराभर बोलून जातात, थांबवता येत नाहीत, विचारता येत नाही, ही अडचण पहिल्याच दिवशी उघडी पडली होती. आवाज येत होता. जात मात्र नव्हता.

इथे एक गैरसमज सहज होतो. रेडिओवर मुलाला बोलता येत नव्हते, म्हणजे चार भिंतींच्या वर्गात ते भरपूर बोलत असणार, असे आपण गृहीत धरतो. वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास झाला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १९६०च्या दशकात अमेरिकी संशोधक नेड फ्लँडर्स यांनी वर्गांचे बारकाईने निरीक्षण करून ‘दोन-तृतीयांशा’चा नियम मांडला. वर्गातला सुमारे दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते आणि त्यातला दोन-तृतीयांश वेळ बोलणारी व्यक्ती शिक्षक असते. उरलेला वेळ तीस-चाळीस मुलांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला काही सेकंदच येतात.

तेवढ्या सेकंदांतले बोलणे तरी कसे असते? सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५मध्ये इंग्लंडमधल्या आणि ह्यू मेहान यांनी १९७९मध्ये अमेरिकेतल्या वर्गांवरून दाखवले की त्याला ठरलेली तीन पावले असतात. शिक्षक प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक ते बरोबर की चूक हे सांगतात. ‘महाराष्ट्राची राजधानी?’ ‘मुंबई.’ ‘शाब्बास.’ वर्गात हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यातला विचित्रपणा लक्षातही येत नाही. एसटी स्टँडवर तुम्ही कोणाला विचारले, ‘साताऱ्याची गाडी कितीला?’ तो म्हणाला, ‘साडेदहाला.’ आणि त्यावर तुम्ही म्हणालात, ‘शाब्बास!’ तर तो माणूस दोन पावले मागे सरकेल. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारणे म्हणजे परीक्षा. संभाषणात विचारणाऱ्याला उत्तर हवे असते.

याच सुमारास मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे त्या मोजत होत्या. सरासरी निघाली सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. रो यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद थांबण्याची सवय लावली. तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झाले आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. त्यांचे हे निष्कर्ष १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रतीक्षाकाळ’ या नावाने जाऊन बसले. वर्गात मात्र फारसे आले नाहीत.

भाषेच्या तासाची गोष्ट तर आणखी अवघड. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या इंग्रजी आली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून. त्या पिढ्यांनी इंग्रजीत अर्ज लिहिले, निकालपत्रे लिहिली, वर्तमानपत्रे काढली. पण मराठी शाळेतल्या सामान्य मुलाच्या तोंडून निघणारी इंग्रजी ‘यस सर’ आणि ‘मे आय कम इन’ यांच्या पुढे क्वचितच गेली. २०००पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा हजारो शिक्षकांना असे काही शिकवायचे होते जे त्यांनी स्वतः कधी सहज बोललेले नव्हते.

या अडचणीवर एक उत्तर तोवर दूरच्या देशांत शोधले गेले होते, आणि ते त्याच एकतर्फी रेडिओत सापडले होते. १९७४च्या सुमारास निकाराग्वात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रकल्प सुरू केला. पुढे १९८० ते १९८५ या काळात केनियात त्याच पद्धतीने पहिल्या तीन इयत्तांना इंग्रजी शिकवली गेली. या पाठांत रेडिओवरचे पात्र एखादा प्रश्न विचारी आणि मग गप्प बसे. संहितेत त्या गप्प बसण्यासाठी मोजून जागा सोडलेली असे. तेवढ्या वेळात वर्गातली मुले मोठ्याने उत्तर देत, उभी राहत, पेन्सिल पुस्तकावर ठेवत, शेजाऱ्याला नाव विचारत. मग रेडिओ योग्य उत्तर सांगून पुढे जाई. अर्ध्या तासात मुले कितीतरी वेळा तोंड उघडत.

रेडिओला अर्थातच काही ऐकू येत नव्हते. चुकलेल्यालाही तो तितक्याच प्रेमाने शाबासकी देत असे. तरीही एका अर्थाने हा बहिरा रेडिओ जिवंत शिक्षकापेक्षा अधिक सभ्य होता, कारण तो मुलांसाठी थांबत होता. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने याच वाटेने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा बोलक्या इंग्रजीचा श्राव्य कार्यक्रम तयार केला. प्रादेशिक भाषांच्या शाळांतली मुले रेडिओतल्या माणसांना मोठ्याने उत्तरे देऊ लागली. ज्या वर्गात बाईंनाच इंग्रजी बोलायचा संकोच होता, तिथे बाईही मुलांबरोबर उत्तर देत. माझ्या मते हा या पद्धतीचा मोठाच गुण होता.

पुढचे वळण इंटरनेटने आणले. २००३मध्ये स्काइप आले आणि पुढे दोन्ही बाजूंनी दिसू-बोलू देणारी खिडकी फुकटात उघडली. २००९मध्ये सुगत मित्र यांनी इंग्लंडमधल्या ‘द गार्डियन’ या वर्तमानपत्रातून आवाहन केले: ज्यांच्याकडे संगणक, इंटरनेट आणि आठवड्यातला एखादा तास आहे अशा आज्यांनी भारतातल्या मुलांशी गप्पा माराव्यात. दिल्लीच्या कालकाजीत भिंतीच्या भोकात संगणक बसवून मुले आपापली शिकतात असा दावा करणारे ते हेच मित्र. पुढे तामिळनाडूतल्या कलिकुप्पम गावात त्यांना दिसले की मुले आपापली शिकतात, पण कौतुकाने पाठीशी उभे राहणारे कोणी असेल तर अधिक शिकतात. असे पाठीशी उभे राहणे आजीला उत्तम जमते, म्हणून ‘ग्रॅनी क्लाउड’. आवाहनाला शेकडो लोकांनी प्रतिसाद दिला. त्यात निवृत्त शिक्षक होते, आजोबा होते, तरुणही होते. पण नाव आजीचेच राहिले.

या उपक्रमाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी त्याची धुरा अनेक वर्षे सांभाळली. मित्र यांना २०१३चे टेड पारितोषिक मिळाल्यावर उभारलेल्या सात प्रयोगशाळांपैकी एक सातारा जिल्ह्यातल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत होती. अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठीच्या अभ्यासातून फलटणच्याच होऊन गेलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेली ही संस्था. मुलांच्या स्वतःच्या बोलीपासून वाचन-लेखनाकडे नेण्याचा आग्रह धरणाऱ्या शाळेत इंग्लंडची आजी पडद्यावर अवतरावी, यात गंमत आहे.

या प्रयोगावर टीकाही झाली. दीडशे वर्षे इंग्रजी ऐकवून झाल्यावर पुन्हा गोऱ्या माणसाच्या तोंडूनच ती आमच्या मुलांनी ऐकायची का, हा प्रश्न रास्त होता. शिक्षक नेमण्याची जबाबदारी टाळायला सरकारांना निमित्त मिळेल, ही भीतीही खोटी नव्हती. पण संभाषणाच्या बाजूने पाहिले तर त्या आजीचे खरे भांडवल तिच्या इंग्रजीत नव्हते, तिच्या अज्ञानात होते. फलटणच्या मुलीने सकाळी भाकरी खाल्ल्याचे सांगितले, तर ती कशी करतात हे इंग्लंडमधल्या बाईला खरोखरच ठाऊक नसणार. तिचा प्रश्न खरा. मुलीला तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, पीठ थापून दाखवत ते सांगावे लागणार, कारण आजीला मराठी येत नाही. प्रश्न, उत्तर, शाब्बास हा तीन पावलांचा नाच इथे चालूच शकत नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमात निरनिराळ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलते केले, त्यामागेही हेच होते. एकमेकांचे काही माहीत नसलेल्यांकडे विचारण्यासारखे खूप असते. त्यांना २०२०च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले, तेव्हा जगातले निम्मेअधिक शिक्षक पडद्यासमोर बसून हाच प्रश्न सोडवत असावेत.

२०२०च्या वसंतात १९०हून अधिक देशांतल्या शाळा-महाविद्यालयांचे सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले, असे युनेस्कोचे आकडे सांगतात. २०१९च्या अखेरीस झूमवर रोज सुमारे एक कोटी लोक बैठकांना येत. मार्च २०२०मध्ये तो आकडा वीस कोटींवर गेला. कचेऱ्यांसाठी बनवलेल्या साधनात शाळा शिरल्या. शिकागोला १९३७मध्ये जे हवे होते ते आता हाताशी होते. आवाज जात होता आणि येतही होता.

पण पूर्णपणे नाही. माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात किती वेळ जातो, याचा दहा भाषांतला तुलनात्मक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली सेकंदाच्या सुमारे एक-पंचमांश, म्हणजे पापणी लवायला लागेल तेवढीच. इतक्या नाजूक तालावर गप्पा चालतात. आता मध्ये नेटवर्क आणा. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचायला ४०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. गच्चीवर किंवा झाडाखाली नेटवर्क शोधत बसलेल्या मुलाला ती कुठून पाळता येणार? बाईंचा प्रश्न उशिरा पोहोचायचा, मुलाचे उत्तर आणखी उशिरा परतायचे. मधली शांतता बाईंना ‘याला येत नाही’ अशी ऐकू येई. मुलाला बाईंचा पुढचा प्रश्न ‘तुझं राहू दे’ असा ऐकू येई. वर्गातला एका सेकंदाचा धीर इथे पुरणे शक्यच नव्हते.

ज्यांचे संभाषणाचे तास रंगले, त्यांनी पहिली गोष्ट हीच ओळखली की इथे थांबावे लागते. त्यांनी चाळीस मुलांच्या तासाऐवजी पाच-सहा जणांचे गट केले. प्रश्न हवेत सोडण्याऐवजी नाव घेऊन विचारला आणि पुढे कोणाची पाळी हेही आधीच सांगितले, म्हणजे त्याला शब्द जुळवायला वेळ मिळे. माइक उघडायला लाजणाऱ्याला लिहून बोलण्याची मुभा दिली. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली कितीतरी मुले चॅटच्या चौकटीत भडाभडा बोलू लागली, हा अनेक शिक्षकांसाठी धक्काच होता.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती प्रश्न बदलण्याची. वर्गात सगळ्यांना एकच फळा दिसतो. इथे प्रत्येक मूल वेगळ्या घरात बसलेले होते आणि ते घर बाईंनी पाहिलेले नव्हते. ‘तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतं?’ या प्रश्नाचे उत्तर बाईंना खरेच ठाऊक नसे. ‘घरातली अशी वस्तू आण, जिचं नाव मला सांगता येणार नाही’ असे म्हटले की मुले धावत सुटत. कोणी ताक घुसळायची रवी आणे, कोणी माळ्यावरचे इरले, कोणी आजोबांचा अडकित्ता. मग त्याला इंग्रजीत काय म्हणायचे? शब्दच नसे. म्हणून ती वस्तू कशाची, कशासाठी, कोण वापरते, हे वाक्यांत सांगावे लागे, आणि बोलणे तिथेच सुरू होई. मागून एखादी आजी डोकावून दुरुस्ती करी, ‘अगं, तसं नाही धरत ते.’ तास थोडा वेळ आजी घेई. ग्रॅनी क्लाउडमधली आजी समुद्रापलीकडून आली होती, ही स्वयंपाकघरातून.

हे सारे सांगताना हात आखडतो, कारण जी मुले पडद्यावर होती त्यांचीच ही गोष्ट आहे. जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत कुठल्याच मार्गाने दूरशिक्षण पोहोचू शकत नव्हते, असा अंदाज युनिसेफने ऑगस्ट २०२०मध्ये मांडला. आपल्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२०च्या अहवालानुसार शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले मात्र एक-तृतीयांशाच्या आसपास होती, आणि थेट ऑनलाइन तास मिळालेली त्याहून फार कमी. घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हातात असणे, यांत मोठे अंतर होते. फोन वडिलांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी घरी आला की आधी भावाचा तास, मग तिचा, तोवर डेटा संपलेला.

त्या उरलेल्यांसाठी महाराष्ट्राने जुन्या, एकतर्फी साधनांना पुन्हा हात घातला. एमकेसीएलच्या पुढाकाराने २० जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात फळा नव्हता, छडी नव्हती. घरातली मोठी माणसे आणि मुले अंगणात, ओसरीवर हाताने काही करत, बोलत शिकत होती. पाहणाऱ्या घरातही तसेच बोलणे सुरू व्हावे, ही अपेक्षा होती. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपक घेऊन ‘बोलकी शाळा’ नेली. अंतर राखून जमिनीवर बसलेली मुले कर्ण्यातून येणारा पाठ ऐकत आणि त्यावर बोलत. इथे पुन्हा केनियाच्या रेडिओची आठवण होते. कर्ण्याला ऐकू येत नाही, पण शेजारी कोणी थांबून ऐकणारे असेल तर काम होते.

४ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रात वरचे वर्ग भरले. पुढे ओमायक्रॉनच्या लाटेत दारे पुन्हा मिटली आणि जानेवारी २०२२च्या अखेरीस उघडली. मुले बाकांवर परतली, तोंडावर मुखपट्टी होती. फळा परतला, घंटा परतली, आणि ‘राजधानी कोणती?’, ‘मुंबई!’, ‘शाब्बास’ हेही परतले. आता आवाज येतोय का, असे कोणाला विचारावे लागत नाही. चाळीस मुले समोर बसलेली असतात, म्हणजे येतच असणार. पण पडद्यावर निदान कोण गप्प आहे ते चौकटीत दिसत तरी होते. मागच्या बाकावर ते दिसत नाही.

म्हणून एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. समजा, एका तासात शिक्षक तीस प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्नामागे एक सेकंदाऐवजी तीन सेकंद थांबायचे ठरवले, तर तीस प्रश्नांमागे साठ सेकंद जास्त लागतील. तासातले एक मिनिट. त्याला ॲप लागत नाही, डेटा लागत नाही. त्या मिनिटात मागच्या बाकावरची मुलगी आपले वाक्य जुळवत असते.